जागतिक व्यापाराचे नियम, विकसनशील देश आणि गोवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिव्हात ठरणाऱ्या नियमांचा गोव्याशी काय संबंध, असे कोणी विचारले की मी मासळी, काजू, खनिज आणि फेणी ही चार नावे घेतो. चौघांचेही भाव, बंद्या आणि सवलती कुठे ना कुठे त्या नियमांना जाऊन भिडतात. खालचे प्रश्न ट्रॉलरमालक, रापणकार (रापण हे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढणारे मच्छीमार), काजू बागायतदार, लहान निर्यातदार आणि कॉलेजातल्या मुलामुलींनी वेळोवेळी विचारलेले आहेत. मासळीवर जास्त लिहिले आहे, कारण पुढची काही वर्षे खरा वाद तिथेच आहे.

जागतिक व्यापाराचा कारभार नेमका चालवतो कोण?

मुख्य संस्था म्हणजे जागतिक व्यापार संघटना, अर्थात डब्ल्यूटीओ. ती १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली, कचेरी जिनिव्हात आहे आणि आज तिचे १६६ सदस्य आहेत. संघटनेचे अधिकारी स्वतः नियम करत नाहीत. नियम सदस्य सरकारे वाटाघाटी करून ठरवतात आणि कचेरी त्यांचे काम सांभाळते.

त्याआधी जवळपास अर्धे शतक 'गॅट' नावाचा करार होता. १९४७ साली त्यावर सह्या करणाऱ्या २३ देशांत भारत होता. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता आणि पोर्तुगाल गॅटमध्ये आला १९६२ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर. त्यामुळे व्यापाराच्या या नियमांत गोवा आला तो भारताचा भाग म्हणूनच.

डब्ल्यूटीओखेरीज आणखीही जागा आहेत. विकसनशील देशांच्या आग्रहातून १९६४ साली संयुक्त राष्ट्रांची 'अंकटाड' ही व्यापार व विकास परिषद उभी राहिली. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश तिचे पहिले सरचिटणीस. कच्चा माल विकणाऱ्या देशाच्या पदरात तयार माल विकणाऱ्याच्या तुलनेत दिवसेंदिवस कमी पडत जाते, हे त्यांचे म्हणणे. गोव्यातून खनिज भरून गेलेली जहाजे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अन्नपदार्थांची मानके 'कोडेक्स' ठरवते. आणि आता दोन-दोन देशांचे मुक्त व्यापार करार इतके झाले आहेत, की निर्यातदाराला बऱ्याचदा आधी तेच पाहावे लागतात.

'विकसनशील' हा दर्जा कोण देतो?

कोणीच देत नाही. डब्ल्यूटीओत देश स्वतःच तसे जाहीर करतो, आणि सुमारे दोन तृतीयांश सदस्यांनी तसे केले आहे. 'अल्पविकसित' देशांची यादी मात्र संयुक्त राष्ट्रे ठरवतात आणि तीच इथे चालते.

अमेरिकेची तक्रार अशी, की चीन, भारत यांसारख्या मोठ्या अर्थव्यवस्थांनी हा दर्जा सोडावा. २०१९ मध्ये ब्राझील, सिंगापूर आणि दक्षिण कोरिया यांनी पुढच्या वाटाघाटींत या सवलती मागणार नाही असे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननेही तशी घोषणा केली. भारताने दर्जा सोडलेला नाही, आणि माझ्या मते सोडूही नये. देशाची एकूण अर्थव्यवस्था मोठी झाली म्हणून दोन एकर भातशेती करणाऱ्याचे उत्पन्न वाढत नाही. नियम लागू होतात ते शेवटी त्या माणसाला.

या दर्जामुळे मिळते काय?

करारांमध्ये विकसनशील देशांसाठी दीडशेहून अधिक विशेष तरतुदी आहेत. काही खऱ्या उपयोगाच्या आहेत. नियम लागू करायला जास्त मुदत मिळते, शुल्क कमी करण्याचे बंधन सौम्य असते, शेतीला द्यायच्या मदतीची मर्यादा श्रीमंत देशांना ५ टक्के तर आपल्याला १० टक्के असते. बऱ्याच तरतुदी मात्र 'गरीब देशांच्या अडचणींचा विचार करावा' अशा भाषेत आहेत. विचार केला नाही तर काय, हे तिथे लिहिलेले नाही. म्हणून २००१ साली दोहात वाटाघाटींची नवी फेरी सुरू झाली तेव्हा या तरतुदींना धार आणावी अशी मागणी होती. ती बहुतांशी तशीच पडून आहे.

श्रीमंत देश एकतर्फी शुल्कसवलतीही देतात. १९७९ च्या एका निर्णयाने त्यांना कायमचा आधार मिळाला. पण जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. अमेरिकेने भारताची ही सवलत जून २०१९ मध्ये बंद केली. मिळालेली सवलत आणि करारात लिहून घेतलेला हक्क यांतला फरक निर्यातदाराने कधीही विसरू नये.

सगळे निर्णय सर्वसहमतीने होतात म्हणतात. मग लहान देशालाही मोठ्याइतकीच ताकद आहे का?

कागदावर आहे. बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्याने हरकत घेतली तर निर्णय अडतो. प्रत्यक्षात मसुदा आधी मोजक्या देशांच्या बंद खोलीतल्या बैठकीत आकार घेतो आणि नंतर सर्वांपुढे येतो. ज्या देशाचे जिनिव्हात दोन-तीनच अधिकारी आहेत, तो एकाच वेळी चालणाऱ्या पाच समित्यांत बसू शकत नाही. त्याला उरतो तो शेवटच्या रात्री नकार देण्याचा मार्ग, आणि त्यासाठी मोठ्या देशाची मदत किंवा बाजारपेठ गमावण्याची तयारी लागते.

म्हणून गट करावे लागतात. २००३ मध्ये कॅनकूनच्या परिषदेआधी भारत, ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका आदी देश शेतीच्या प्रश्नावर एकत्र आले. श्रीमंत देशांनी ठरवायचे आणि इतरांनी सही करायची ही जुनी रीत तिथे मोडली. परिषद फिसकटली हे खरे, पण त्यानंतर शेतीवरची कोणतीही गंभीर चर्चा भारत आणि ब्राझील यांना बाहेर ठेवून झाली नाही.

ट्रॉलरच्या डिझेलवर मिळणारी सवलत डब्ल्यूटीओ बंद करणार का?

सरसकट नाही. मालिम, कुटबण आणि खारीवाडा या तिन्ही जेटींवर हा प्रश्न हमखास येतो, म्हणून नीट सांगतो.

मासेमारीच्या अनुदानांवरचा करार जून २०२२ मध्ये जिनिव्हाच्या मंत्री परिषदेत मंजूर झाला आणि दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता मिळाल्यावर १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. ज्या देशांनी मान्यता दिली त्यांनाच तो बांधतो. तो तीन ठिकाणी अनुदानाला मनाई करतो. एक, बेकायदा, माहिती दडवून किंवा नियमांबाहेर मासेमारी करणारी बोट. दोन, ज्या मासळीचा साठा अतिउपशाने खालावल्याचे मान्य झाले आहे तिची मासेमारी. अपवाद एवढाच, की साठा पुन्हा वाढावा म्हणून उपाय चालू असावेत. तीन, कोणाच्याही नियंत्रणाखाली नसलेला खोल समुद्र.

डिझेलवरचा कर परत मिळणे हे या तिन्हींत आपोआप बसत नाही. पण पहिला मुद्दा गोव्याने मनावर घ्यावा. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढणे) आणि एलईडी दिवे लावून केली जाणारी मासेमारी देशाच्या संपूर्ण विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, बंद केली. तरीही एलईडीच्या तक्रारी दर हंगामात येतात. अशी बोट पकडली गेली, दोषी ठरली आणि तरी तिला सरकारी सवलत मिळत राहिली, तर करार ज्यावर बोट ठेवतो तो प्रकार नेमका हाच. त्यासाठी जिनिव्हाची वाट पाहायचीही गरज नाही. कायदा मोडणाऱ्याचे अनुदान थांबवणे राज्याच्या हातात आजही आहे.

पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी आपल्या बाजूचा पुरावा आहे. साठा वाढावा म्हणून देश काही करतो आहे, हे ती दाखवते. बंदीच्या काळात चोरून जाणाऱ्या बोटी हा पुरावा पोखरतात.

भारताने या वाटाघाटींत एवढा विरोध का केला?

कारण कराराचा कठीण भाग अजून व्हायचाच आहे. ताफे फुगवणारी अनुदाने, म्हणजे बोट बांधायला, इंजिन घ्यायला, इंधनाला दिलेला पैसा, यांवर अजून एकमत झालेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अबू धाबीच्या परिषदेतही ते झाले नाही. अमलात आल्यापासून चार वर्षांत हा भाग ठरला नाही, तर सदस्यांनी वेगळा निर्णय घेतल्याखेरीज सगळा करारच संपुष्टात येईल, असे कलम त्यातच आहे.

भारताचे म्हणणे थोडक्यात असे. सर्वाधिक अनुदाने देणारे चीन, युरोपीय संघ, अमेरिका, दक्षिण कोरिया आणि जपान. त्यातल्या दूरदेशी ताफे पाठवणाऱ्यांनी अनुदानाच्या बळावर जहाजे बांधली, दुसऱ्यांच्या समुद्रापर्यंत पोचले, मासळी उपसली, आणि आता सर्वांना एकाच मापाने थांबा म्हणतात. शिवाय मसुद्यात अशी पळवाट होती, की साठ्यांवर देखरेख ठेवत असल्याचे दाखवता आले तर मोठे अनुदानही चालू ठेवता येईल. देखरेखीची महागडी यंत्रणा ज्याच्याकडे आहे तो सुटणार आणि ज्याच्याकडे नाही तो अडकणार. म्हणून भारताने २०० सागरी मैलांच्या आतल्या मासेमारीसाठी २५ वर्षांची मुदत मागितली आणि दूर समुद्रातल्या ताफ्यांची अनुदाने तितकाच काळ बंद ठेवा असे सांगितले.

ही मागणी मला न्याय्य वाटते. दर मच्छीमारामागे पाहिले तर भारताचे अनुदान श्रीमंत देशांच्या तुलनेत नगण्य आहे. पण ज्याच्या नावाने ती केली जाते, त्याच्यापर्यंत तिचा लाभ पोचायला हवा. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

भारत जिनिव्हात 'पारंपरिक मच्छीमार' म्हणतो तो कोण?

गोव्यात त्याचे उत्तर जुने आहे. तो किनाऱ्यावरून रापण ओढणारा रापणकार आहे, लहान होडीवरून खाडीत आणि किनाऱ्यालगत जाळे टाकणारा आहे. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले, तेही सरकारी प्रोत्साहनाने, आणि रापणकारांच्या तोंडचा बांगडा आणि तारले गेले. त्यांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतची ५ किलोमीटरची पट्टी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखली गेली. त्या पट्टीत ट्रॉलर घुसल्याच्या तक्रारी आजही संपलेल्या नाहीत.

म्हणजे अनुदान कोणाला उभे करते आणि कोणाला आडवे करते, हा जिनिव्हातला प्रश्न रापणकारांनी डब्ल्यूटीओ जन्मायच्या आधी बाणावली-कोळव्याच्या रेतीवर विचारला होता. आज केंद्र जेव्हा त्यांच्या नावाने २५ वर्षे मागते, तेव्हा ट्रॉलरच्या डिझेलचा परतावा आणि रापणकाराच्या जाळ्याची मदत एकाच 'लहान मच्छीमार' या शीर्षकाखाली जाऊ नये. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवला तर आपलीच बाजू भक्कम होते. जेटीवर कोणत्या बोटीने कोणती मासळी किती आणली याची रोज नोंद हवी. कराराच्या आठव्या कलमाप्रमाणे ताफ्याची क्षमता, साठ्याची स्थिती आणि उपशाची माहिती देशाला द्यावी लागते. ही माहिती वर्षाअखेर कचेरीत बसून भरता येत नाही, ती जेटीवरूनच यावी लागते.

मोरजी-गालजीबागच्या कासवांचा व्यापाराशी काय संबंध?

फार जवळचा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडली कासवे अंडी घालायला येतात. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासव अडकले की गुदमरून मरते. अमेरिकेने १९८९ च्या कायद्याने ठरवले, की जाळ्यातून कासव निसटू देणारी चौकट न वापरणाऱ्या देशांची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड डब्ल्यूटीओत गेले.

१९९८ मध्ये डब्ल्यूटीओच्या अपिलीय मंडळाने, म्हणजे तंट्यांत शेवटचा शब्द असणाऱ्या न्यायासनाने, दिलेला निकाल लोक अर्धाच सांगतात. अमेरिका हरली ही पहिली बाजू. हरण्याचे कारण मात्र कासवे वाचवणे हे नव्हते. अमेरिकेने कॅरिबियन भागातल्या देशांना जास्त मुदत आणि तांत्रिक मदत दिली आणि आशियाई देशांना दिली नाही, हा भेदभाव मंडळाला खटकला. कासवे वाचवण्यासाठी व्यापारावर निर्बंध घालणे हे उद्दिष्ट मंडळाने मान्य केले. अमेरिकेने पुढे नियम सुधारले, मलेशियाने पुन्हा दाद मागितली आणि त्या वेळी अमेरिका जिंकली. २०१९ मध्ये अमेरिकेने समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीवर बंदी घातली. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ती लागू नव्हती.

आपल्याच किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांना कुंपण घालून राखण करायची आणि समोरच्या समुद्रात जाळ्याला साधी चौकट बसवायची नाही, याचा मेळ बसत नाही. ही चौकट भारतीय संशोधकांनी आपल्या समुद्राला साजेशी करून दिलेली आहे. जाळ्यातून थोडी कोळंबीही निसटते म्हणून ट्रॉलरवाले नाखूश असतात. अनुदान द्यायचेच असेल तर इथे द्यावे.

रेशनचा तांदूळ आणि हमीभाव यांवर डब्ल्यूटीओ का बोलते?

शेतीकरारात सरकारने हमीभावाने धान्य विकत घेणे हे व्यापार बिघडवणारी मदत म्हणून मोजले जाते. मोजण्याची रीत अन्यायाची आहे. आजच्या हमीभावाची तुलना १९८६ ते १९८८ या वर्षांच्या जुन्या किमतीशी केली जाते. इतक्या वर्षांची महागाई त्यामुळे 'मदत' म्हणून आपल्या खात्यावर चढते. २०१८-१९ मध्ये भारताची तांदळावरची मदत या हिशेबाने १० टक्क्यांच्या वर गेली.

तेव्हा आधार मिळाला तो २०१३ च्या बाली परिषदेतल्या तहाचा. कायमचा तोडगा निघेपर्यंत अशा साठ्यांवर खटला भरायचा नाही असे तिथे ठरले होते. तो तोडगा अजून निघालेला नाही. दुसरीकडे, जुन्या करारात मोठी अनुदाने नोंदवून ठेवलेल्या श्रीमंत देशांना ती मर्यादेपलीकडे देण्याचा हक्क कायम आहे.

याच विषयात भारताकडूनही दुसऱ्या गरिबांना झळ पोचते, हे सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये आपण बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि ती सप्टेंबर २०२४ पर्यंत थांबलेली होती. आपला तांदूळ खाणाऱ्या आफ्रिकी देशांत त्याने चिंता पसरली. 'दक्षिणेचा आवाज' म्हणवून घ्यायचे असेल तर अशा बंदीआधी त्या देशांशी बोलणे आणि त्यांचा वाटा राखून ठेवणे एवढे तरी व्हायला हवे.

बाहेरचा स्वस्त काजू थांबवता येतो का?

आधी कोणता काजू ते पाहू. कारखान्यांना लागणारा कच्चा काजू गोव्यात आणि कोकणात पुरेसा होत नाही. तो आफ्रिकेतून येतो, आणि तो थांबवला तर कारखाने आणि तिथे काम करणाऱ्या बायका बसून राहतील. बागायतदाराला त्या आयातीमुळे भाव पडल्याचे दिसते, तेही खोटे नाही. सोललेला गर येतो तो मुख्यतः व्हिएतनामसारख्या स्पर्धकांकडून, आणि त्याने कारखानदार व बागायतदार दोघेही अडचणीत येतात.

गरासाठी केंद्राने किमान आयात किंमत ठरवली आहे. २०१९ मध्ये ती अख्ख्या गरासाठी किलोला ७२० रुपये आणि तुकड्यासाठी ६८० रुपये केली. उपाय लोकप्रिय आहे, पण शेतीकराराच्या ४.२ कलमाच्या तळटिपेत 'किमान आयात किंमत' हा प्रकार निषिद्ध यादीत नाव घेऊन घातलेला आहे. कोणी तक्रार केली तर बचाव अवघड जाईल. त्यापेक्षा शुल्क वाढवण्याचा मार्ग सुरक्षित आहे. शेतमालावर भारताने कबूल केलेली कमाल शुल्कमर्यादा सरासरी ११३ टक्के आहे आणि प्रत्यक्ष शुल्क त्याहून पुष्कळ कमी. ज्या देशाशी मुक्त व्यापार करार आहे त्याच्यापुढे मात्र ही जागा उरत नाही, म्हणून असे करार होत असतानाच काजूसाठी बोलायला हवे.

आफ्रिकेची बाजूही समजून घ्यावी. बेनिनने कच्चा काजू बाहेर न पाठवता तो देशातच फोडण्याचे धोरण घेतले आहे. आपण खनिजाबद्दल जे म्हणत आलो तेच ते काजूबद्दल म्हणतात.

गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे ते नाव फक्त त्या भागातल्या मालालाच लावण्याचा हक्क) मिळाला आहे. पणजी-मडगावच्या बाजारात 'गोव्याचा काजू' म्हणून आफ्रिकी काजू विकला जात असेल तर त्यावर कारवाई करण्याचे हत्यार आपल्याच कायद्यात आहे.

खनिजावरचे निर्यातशुल्क डब्ल्यूटीओच्या नियमांत बसते का?

बसते. निर्यातीवर कोटा किंवा बंदी घालायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, शुल्काला नाही. चीन कच्च्या मालाचे आणि दुर्मीळ खनिजांचे खटले हरला, याचे एक कारण म्हणजे सदस्य होताना त्याने निर्यातशुल्काबद्दल जादा वचने दिली होती. भारताने तशी दिलेली नाहीत.

त्यामुळे इथले चढउतार दिल्लीच्या निर्णयांचे आहेत. गोव्याचे खनिज बहुतांशी ५८ टक्क्यांहून कमी लोहाचे. ते देशातल्या पोलाद कारखान्यांना फारसे नको असते आणि बाजार चीनमध्ये आहे. २०१६ मध्ये या हलक्या खनिजावरचे शुल्क काढले, मे २०२२ मध्ये एकदम ५० टक्के लावले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा काढले. खाणी आधीच दोनदा बंद पडल्या होत्या, २०१२ मध्ये आणि ८८ लीज रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये. डिचोली-सत्तरीतल्या ट्रकवाल्याने आणि बार्जवाल्याने यातले काहीही जिनिव्हाच्या माथी मारू नये.

फेणीला परदेशात संरक्षण आहे का?

इथे गोव्याला एक दुर्मीळ फायदा आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. डब्ल्यूटीओच्या बौद्धिक संपदा करारात वाइन आणि मद्यार्काला इतर मालापेक्षा वरचढ संरक्षण आहे. ग्राहकाची फसवणूक झाली हे सिद्ध करायची गरज नाही, 'फेणीसारखी' असे लेबलही चालत नाही. युरोपच्या वाइनवाल्यांनी स्वतःसाठी हे कलम घालून घेतले आणि फेणी त्यात बसली.

खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, खाजे यांना मात्र साधेच संरक्षण. ते सर्व मालाला सारखे द्यावे अशी भारताची जुनी मागणी आहे आणि ती मान्य झालेली नाही. संरक्षण आपोआप अमलात येत नाही, हेही लक्षात ठेवावे. ज्या देशात माल विकायचा तिथे नोंदणी करावी लागते, वकील लावावा लागतो. भाटी चालवणाऱ्या एकट्यादुकट्याला ते परवडणार नाही. राज्याने उत्पादकांच्या संघटनेमार्फत मोजक्या चार बाजारपेठांत नोंदणी करून द्यावी.

औषधे महाग होण्यामागे हेच करार आहेत का?

काही अंशी. २००५ पासून भारताला औषधांवर उत्पादन पेटंट, म्हणजे नुसत्या बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे तर खुद्द औषधावर पेटंट, द्यावे लागते. वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा बदल ठाऊक आहे. पण करारातल्या फटी भारताने शहाणपणाने वापरल्या. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागता येऊ नये म्हणून कायद्यात ३(ड) हे कलम घातले, आणि त्याच आधारावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरच्या ग्लिवेक या औषधाचे पेटंट नाकारले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये नेक्साव्हार या औषधासाठी सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. कोविडच्या काळात भारत आणि दक्षिण आफ्रिकेने पेटंटमुक्तीची मागणी केली. जून २०२२ मध्ये पदरात पडले ते फक्त लशींपुरते आणि उशिरा.

तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर काम करणाऱ्यांच्या, नोकऱ्यांवर डब्ल्यूटीओ काही करते का?

जवळपास नाही. सेवाकरारात माणसांच्या ये-जा करण्याबद्दल तरतूद आहे, पण श्रीमंत देशांनी तिथे हात आखडता घेतला आहे आणि जहाजवाहतुकीवरच्या वाटाघाटी १९९६ मध्येच थांबल्या. पगार, कामाचे तास, मायदेशी परत पाठवणे यांसाठी पाहायचा तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला.

एखाद्या देशाने नियम मोडला तर न्याय मिळतो का?

डिसेंबर २०१९ पर्यंत बऱ्यापैकी मिळत होता. अँटिग्वासारखा चिमुकला देशही अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला आहे. बांगलादेशाने २००४ मध्ये भारताविरुद्ध बॅटऱ्यांच्या शुल्कावरून तक्रार केली आणि भारताने ते शुल्क मागे घेतले. गरीब देशांना स्वस्तात वकील मिळावा म्हणून २००१ मध्ये जिनिव्हात सल्ला केंद्रही सुरू झाले.

मग अमेरिकेने अपिलीय मंडळावरच्या नेमणुका अडवल्या आणि सात जणांचे ते मंडळ रिकामे पडले. आता हरणारा देश अपील करतो आणि ते ऐकायला कोणी नसल्याने निकाल लटकतो. डिसेंबर २०२१ मध्ये साखरेच्या अनुदानावर ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवरचा निकाल आपल्याविरुद्ध गेल्यावर भारतानेही तेच केले. ऊसवाल्यांच्या दृष्टीने ते सोयीचे होते, पण देशाच्या दीर्घ हिताचे मला वाटत नाही. न्यायासन नसले की बलवानाचे काही अडत नाही, अडते ते आपल्यासारख्यांचे. युरोपीय संघ, चीन आदींनी २०२० मध्ये तात्पुरती लवादाची सोय केली. भारत तिच्यात नाही. निदान तिच्यात सामील व्हावे.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले. ते नियमांत बसत होते का?

सर्व सदस्यांना सारखे शुल्क आणि कबूल केलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही, हे दोन पायाभूत नियम आहेत. देशागणिक वेगळे आणि मर्यादेबाहेरचे शुल्क त्यांत बसत नाही. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे करून अमेरिका यातून बाहेर पडू पाहते. कोळंबी निर्यातदारांना त्याचा थेट फटका बसला. वरचा प्रश्न वाचला असेल तर दाद मागून काय झाले असते हे कळेल.

गोवा सरकारला या वाटाघाटींत काही अधिकार आहे का?

परदेशी करार आणि परदेशी व्यापार केंद्राच्या यादीत आहेत, आणि करार अमलात आणण्यासाठी राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाखाली संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. करारावर सही करण्याआधी संसदेची मंजुरीही घ्यावी लागत नाही. पण शेती राज्याची, आणि १२ सागरी मैलांच्या आतली मासेमारीही राज्याची. म्हणजे सही दिल्लीची आणि अंमलबजावणी पणजीची. माझे ठाम मत आहे, की मासळी, काजू, नारळ यांना स्पर्श करणाऱ्या कराराचा मसुदा राज्याच्या विधानसभेत चर्चेला यायला हवा. लोकसभेत दोनच खासदार असलेल्या राज्याला दुसरा मार्ग कोणता?

मी लहान निर्यातदार आहे. मला आज काय करता येईल?

डब्ल्यूटीओत फक्त सरकारे तक्रार करू शकतात, पण एक दार तुम्हालाही उघडे आहे. कोणताही सदस्य अन्नसुरक्षेचा किंवा तांत्रिक मानकाचा नवा नियम आणणार असेल तर त्याचा मसुदा आधी जाहीर करावा लागतो आणि हरकतींसाठी सर्वसाधारणपणे ६० दिवस द्यावे लागतात. 'ई-पिंग' या मोफत संकेतस्थळावर आपला माल आणि देश निवडून ठेवला की असे मसुदे ईमेलने येतात. कोळंबीत प्रतिजैविकाचा अंश किती चालेल, मसाल्यात कोणते कीटकनाशक चालणार नाही, लेबलावर काय लिहावे लागेल, हे सगळे यातूनच कळते.

मसुदा आला की आपला माल त्यात कुठे अडकतो ते दोन पानांत लिहा, प्रयोगशाळेचे अहवाल जोडा आणि मासळी असेल तर सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे, शेतमाल असेल तर अपेडाकडे, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाकडे, पाठवा. केंद्र तीच हरकत जिनिव्हातल्या समितीत मांडते. एकट्याने पाठवण्यापेक्षा पाच-सहा निर्यातदारांनी मिळून पाठवलेल्या पत्राकडे लवकर लक्ष जाते. मुदत संपायच्या निदान तीन आठवडे आधी ते दिल्लीत पोचलेले असावे, कारण तिथून पुढे मंत्रालयाची तपासणी आणि जिनिव्हाचा प्रवास बाकी असतो.